वाघ येडशीला आला तो कुणाच्या रानातून आला?

डिसेंबर २०२४ मधे धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला तेव्हा आमच्याकडं कितीतरी दिवस दुसरा विषयच नव्हता. बिबट्या असेल, कुणीतरी जुना फोटो टाकला असेल असं बरेच जण म्हणायचे, पण वाघाच्या अंगावरचे पट्टे आपल्या बोटाच्या ठशासारखे असतात, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत, आणि ते पट्टे तपासल्यावर कळलं की हा यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला आहे. नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर टिपेश्वर ते येडशी हेच ३०० किलोमीटरच्या आसपास भरतं, तो प्रत्यक्षात चाललेला रस्ता त्याहून कितीतरी लांबचा असणार.

सगळे विचारत होते की वाघ आत्ता कुठं आहे, मला मात्र सारखं वाटायचं की अरे तो इथवर आला कुठून? टिपेश्वर ते येडशी सलग जंगल नाहीच. मधे कापूस आहे, सोयाबीन आहे, तूर, ऊस, गायरान, ओढे, कॅनॉल, रेल्वे, हायवे, वीटभट्ट्या, वस्त्या आहेत. म्हणजे तो आपल्या रानातून आला.

आणि बघा, आमच्याकडं शेताला रानच म्हणतात. "आई रानात गेलीय", "रानाला पाणी द्यायचंय". जंगल तेही रान, ज्वारीचं वावर तेही रान, आणि रानडुक्कर, रानमांजर, रानभाजी यातलंही रान तेच. सरकारी कागदावर शेत वेगळं आणि वन वेगळं, मधे रेघ, दोन वेगळी खाती. बोलीत ती रेघ नाही आणि जनावराला तर ती कधीच दिसलेली नाही. प्राण्यांचा अधिवास आणि माणसाची चालती जमीन, म्हणजे पिकणारी, चरणारी, पोट भरणारी जमीन, या दोन्हींचा एकच नकाशा मांडून अख्ख्या पट्ट्याचं नियोजन करायचं याला अभ्यासक लँडस्केप प्लॅनिंग म्हणतात, मी त्याला रानाचा आराखडा म्हणतो. तो काय असतो आणि मराठवाड्याला का लागतो ते जमेल तेवढं सोपं करून सांगतो.

आधी हिशोब. मराठवाडा साधारण ६४ हजार चौरस किलोमीटर. अभयारण्यं किती? गौताळा औट्रमघाट २६० चौरस किलोमीटर, त्यातला काही भाग जळगाव जिल्ह्यात. पैनगंगा ३२५, ते नांदेड आणि यवतमाळमधे वाटलेलं. जायकवाडी पक्षी अभयारण्य ३४१, पण ते मुळात नाथसागराचं पाणी आणि काठ. पाटोद्याजवळचं नायगाव मयूर अभयारण्य जेमतेम ३०, आणि येडशी २२. सगळी बेरीज हजाराच्या आतच येते, म्हणजे दीड टक्का, त्यातही तिसरा हिस्सा पाणी. लातूर जिल्ह्याचं वनक्षेत्र तर एक टक्क्याच्याही खाली. आता एका नर वाघालाच ५० ते १०० चौरस किलोमीटर किंवा त्याहून जास्त जागा लागते, लांडग्याच्या एका कळपाला शंभर-दोनशे लागते, मग २२ चौरस किलोमीटरच्या येडशीत तो वाघ बसून कसा राहणार? नाहीच राहिला, येडशी, बार्शी, भूम असा फिरत राहिला, त्याला पकडायला बाहेरून पथकं आली तरी तो महिनोनमहिने हाती लागला नाही.

म्हणून नुसती अभयारण्यं वाचवून भागत नाही. अभयारण्य म्हणजे फार तर मुक्कामाची जागा झाली, पण दोन मुक्कामांमधली वाट आणि रोजची भाकरी बाहेरच्या ९८ टक्क्यांत आहे, आणि ते ९८ टक्के तुमच्या आमच्या सातबाऱ्यावर नाहीतर गायरानावर आहेत.

पहिला प्रश्न येतो आराखडा केवढ्या जागेचा करायचा. आपल्याकडं सगळं जिल्ह्यानं चालतं, कलेक्टर जिल्ह्याचा, वनविभागही साधारण जिल्ह्यापुरता. २०२० च्या हिवाळ्यात आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली ते आठवत असेल, लोक संध्याकाळी पाचनंतर रानात जायचे बंद झाले होते, ऐन ज्वारी आणि कांद्याच्या दिवसात. तो बिबट्या पुढं डिसेंबरात करमाळा तालुक्यात गोळी घालून मारला, म्हणजे बीड जिल्ह्यातून सोलापूर जिल्ह्यात. जिल्हा बदलला की ऑफिस बदलतं, माणसं बदलतात, निरोप नव्याने द्यावे लागतात, आणि जनावर तर एका रात्रीत पंधरा-वीस किलोमीटर जातं. तेव्हा आराखड्याची हद्द जिल्ह्यावर धरायची नाही, डोंगररांग आणि नदीखोऱ्यावर धरायची. मराठवाड्यात ही रचना तशी सोपी आहे, उत्तरेला अजिंठ्याची रांग, मधून गोदावरी, दक्षिणेला बालाघाट, पूर्वेला पैनगंगेकडचं जंगल. बालाघाटाचा एक पट्टा धरला की अहिल्यानगर, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड एका माळेत येतात आणि मांजरा, तेरणा, सिंदफणा याच रांगेतून निघतात. पाणी आणि जनावर दोघांची हद्द इथं बरीचशी एकच आहे, त्यामुळे एकाच नकाशात दोघांचं काम होतं.

दुसरा प्रश्न, कुणासाठी. सगळ्या प्राण्यांसाठी म्हटलं की कुणासाठीच होत नाही, म्हणून तीन-चार असे प्राणी निवडतात ज्यांच्या गरजा वेगवेगळ्या आहेत आणि त्यांची सोय झाली की बाकीच्यांची बरीचशी आपोआप होते. वाघ-बिबट्याला आडोसा आणि पाणी, काळविटाला मोकळं, लांब नजर जाईल असं गवत, लांडग्याला पिल्लं घालायला निवांत जागा आणि चालायला मोठा माळ. आणि भोवत्या, म्हणजे हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे ते शिकारी पक्षी, ते रात्री जमिनीवर, उंच गवतात बसतात आणि दिवसभर आपल्या रानातले नाकतोडे खातात, फुकटचं कीडनियंत्रण. हे भोवत्याचं मुद्दाम सांगतोय, कारण वाघाचं नाव निघालं की बाकी सगळे मागं पडतात आणि मराठवाडा मुळात वाघाचा कमी, माळाच्या प्राण्यांचा जास्त.

तिसरी गोष्ट वाट शोधायची, म्हणजे कॉरिडॉर. हे ऐकायला अवघड वाटतं पण आपण रोज करतो. गावातून वस्तीवर जायचं तर आपण चिखल टाळतो, भांडखोर माणसाचं वावर टाळतो, बांधावरून जातो, थोडं लांब पडलं तरी चालतं. जनावरही तसंच करतं. मग कॉम्प्युटरवर नकाशाचे छोटे छोटे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनाला त्रासाचे मार्क देतात. समजायला म्हणून मीच आकडे धरतो, समजा लांडग्यासाठी माळाला १, कोरडवाहू ज्वारीला ३, दाट उसाला ८, गावठाणाला ३०, चौपदरी रस्त्याला ५०. मग दोन ठिकाणांच्या मधे ज्या वाटेची बेरीज सगळ्यात कमी ती त्याची संभाव्य वाट. बिबट्यासाठी हाच नकाशा पार वेगळा निघतो, कारण उसाला त्याचे मार्क १ किंवा २, त्याला ऊस म्हणजे घरच. नंतर हा अंदाज खरा आहे का ते कॅमेरा ट्रॅप, ठसे, विष्ठा आणि जीपीएस कॉलर, म्हणजे जनावर कुठं आहे ते कळवणारा गळ्यातला पट्टा, यांनी तपासायचं. टिपेश्वरच्याच एका वाघाला २०१९ मधे कॉलर लावली होती, तो हिंगोलीकडून फिरत फिरत, ३००० किलोमीटरच्या वर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात गेला, आणि त्याच्या नोंदींवरून दिसलं की तो बहुतेक रात्री चालायचा, दिवसा ओढ्याकाठच्या झाडीत नाहीतर पिकात दडून राहायचा. पुढं मार्च २०२१ मधे गौताळ्यातही टिपेश्वरकडून आलेला वाघ कॅमेऱ्यात आला, तिथं १९४० नंतर वाघाची नोंदच नव्हती. म्हणजे वाटा अजून पूर्ण मोडलेल्या नाहीत, ओढ्यांच्या काठानं कशाबशा तग धरून आहेत.

त्यामुळे माझ्या मते मराठवाड्यात सगळ्यात महत्त्वाची जागा जंगल नाहीच, ओढा आहे. दोन्ही काठाला दहा-पंधरा मीटर करंज, जांभूळ, सिंदी, निरगुडी, बाभळ राहिली तरी कोल्हा, खोकड, साळिंदर, रानमांजर सगळ्यांचा रस्ता राहतो. आणि आपण करतो काय, तर नाला सरळीकरण, खोलीकरण, पोकलेन लावून दोन्ही काठ साफ, माती बांधावर. पाणी मुरवायला करतो, हेतू चांगलाच आहे, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते आम्ही विसरलेलो नाही, पण काठाची झाडी ठेवून एकाच बाजूनं मशीन चालवता येते. हे एस्टिमेटमधे लिहिलेलं असलं तर होतं, नाहीतर नाही.

आता सगळ्यात दुखऱ्या जागेवर येतो, माळ.

महसूलच्या आणि बाकीच्या कागदात माळाला नाव आहे पडीक. हा एक शब्द फार महागात पडलाय. पडीक म्हटलं की वाटतं इथं काही नाही, तेव्हा इथं काहीतरी करा. मग सोलर टाका, पवनचक्की टाका, कचरा डेपो करा, क्रशर लावा, नाहीतर झाडं लावा. वृक्ष लागवडीचे मोठे कार्यक्रम झाले, २०१९ ला तर राज्यात ३३ कोटीचं टार्गेट होतं, आणि जागा कुठली मिळणार, गायरान आणि माळच. सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे लांबच लांब खड्डे, मारले, त्यात गिरीपुष्प लावलं, आणि ज्या माळावर शेकडो वर्षं पवना, मारवेल, कुसळ होतं ते गवत चराखाली आणि सावलीखाली गेलं. गिरीपुष्प शेळीसुद्धा नीट खात नाही. झाड लावणं चांगलंच, पण शेतात, बांधावर, रस्त्याकडेला, मोडलेल्या टेकडीवर लावा की. मुरमाड माळावर मुळातच जंगल नव्हतं, पाऊस कमी, मातीचा थर वीतभर, तिथं निसर्गानं गवतच ठेवलं होतं. काळवीट, ससा, धाविक, चंडोल, लांडगा हे सगळे त्या गवताचे, झाडी वाढली की काळवीट निघून जातं आणि आपल्या हरभऱ्यात येतं. मग आपण म्हणतो हरणं फार झाली.

आणि ते गवत नुसतं हरणांचं नव्हतं. देवणी, लाल कंधारी या गाई, उस्मानाबादी शेळी, ही जगात नाव असलेली जनावरं या मराठवाड्याच्या माळानंच घडवलीत. ज्या माळानं उस्मानाबादी शेळी दिली त्याला पडीक म्हणायचं हे मला खरंच पटत नाही. माळ म्हणजे डोक्यावरचं पाणलोटही आहे, वर गवत टिकलं की मुरूम जागेवर राहतो, पाणी हळू उतरतं आणि खालच्या विहिरींना येतं, वर उघडं झालं की पहिल्या वळवातच पाझर तलावात गाळ. माझे आजोबा म्हणायचे माळ हाय म्हणून हिरीला पाणी हाय, तेव्हा कळायचं नाही.

त्यामुळे आराखड्यात माळाचा रंग वेगळा पाहिजे, पडीकचा पिवळा नको. काही तुकडे पूर्ण राखायचे, काही आलटून पालटून चारायचे, म्हणजे पावसाळ्यात गवत बी धरेपर्यंत बंद आणि मग कापणी-चराई सुरू. हे नवीन नाही, कुरणराखण गावोगाव होतीच. धनगर-हटकर मेंढपाळांच्या वाटाही नकाशावर पाहिजेत, कारण ते दरवर्षी ठरलेल्या वाटेनं येतात, रानात मेंढरं बसवतात, आपल्याला खत मिळतं त्यांना धान्य मिळतं. लांडगा त्यांची कोकरं उचलतो, तरी अशा भागात लांडगे टिकलेत ते बरेचसे या लोकांच्या सहनशीलतेवर. लांडग्याचा आराखडा करताना धनगराला मीटिंगला बोलावलंच नाही असं झालं तर तो आराखडा पहिल्या दिवशीच अर्धवट. बाकी लांडग्याला नवीन धोका भटक्या कुत्र्यांचा आहे, रोगराई येते आणि संकरही होतो, पुण्याकडं डीएनए तपासून तसं सिद्धच झालंय.

आणि गायरानाचं बोलताना आणखी एक बोलावं लागेल, नाहीतर ते अप्रामाणिक होईल. मराठवाड्यातली गायरानं रिकामी नाहीत, तिथं भूमिहीन, बहुतेक दलित आणि भटक्या समाजातली कुटुंबं पिढ्यानपिढ्या कसतात. डॉ. आंबेडकरांचे सहकारी दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले त्यात हीच मागणी होती, आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय १९९१ ला निघाला, तरी कितीतरी जणांच्या नावावर अजून काही नाही. उद्या कुणी हरणांसाठी गायरान राखायचं म्हणून यांनाच उठवणार असेल तर मी त्याच्या विरोधात आहे, स्पष्टच सांगतो. आधी कसणाऱ्यांचा हिशोब पक्का करा, मग उरलेल्या माळाचं ठरवा. आणि त्यातल्या त्यात पाहिलं तर त्यांची दोन-तीन एकर कोरडवाहू बाजरी-मटकी हरणाला सोलरच्या जाळीपेक्षा कितीतरी बरी.

वरून रेघ मारली की काय होतं ते आपण शेजारीच बघितलंय. माळढोक वाचवायला १९७९ ला सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. कागदावर केवढं मोठं, पण त्यात अख्खी गावं, शहरं, बागायती शेतं सगळं आलं, लोकांना जमिनीचे व्यवहार करताना अडचणी, कर्जाला अडचणी, आणि राग निघाला तो बिचाऱ्या पक्ष्यावर. पुढं हद्द कमी करत १,२२२ वर आणली. तोवर माळढोक जवळपास संपला होता, आता सोलापूरजवळच्या नान्नजला एक दिसला तरी बातमी होते. पक्षी गेला त्याला कारणं बरीच होती, माळ फुटला, पीकपद्धती बदलली, विजेच्या तारा आल्या, पण लोक सोबत असते तर निदान थोडा वेळ मिळाला असता असं मला वाटतं.

मग अभयारण्य सोडून दुसरं काही आहे का? आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनं दोन हलके प्रकार आले. एक संवर्धन राखीव, सरकारी जमिनीवर, आसपासच्या लोकांशी चर्चा करून. दुसरा सामुदायिक राखीव, खाजगी किंवा गावाच्या जमिनीवर, मालकांनी स्वतःहून तयारी दाखवली तर. वैजापूरला लागूनच येवला तालुक्यात ममदापूरचं संवर्धन राखीव क्षेत्र आहे, काळविटांसाठी, ५४ चौरस किलोमीटर, जाऊन बघण्यासारखं आहे. शिवाय जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. तुमच्या गावची नोंदवही एकदा मागून बघा, बऱ्याच ठिकाणी ती दुसऱ्या गावची कॉपी निघते.

पण कायद्यानं पोट भरत नाही. शेतकऱ्याचं म्हणणं साधं आहे, हरीण माझ्या हरभऱ्यात, रोही म्हणजे नीलगाय माझ्या तुरीत, डुक्कर माझ्या भुईमुगात, आणि राखायला रात्रभर मी. हे खरं आहे. नुकसान भरपाई आहे, वनरक्षक, कृषी सहायक, तलाठी मिळून पंचनामा करतात, पण तिघं एका दिवशी बांधावर यायला नशीब लागतं, आमच्या दीड एकराच्या पंचनाम्याला मी तीन चकरा मारल्यात. म्हणून मला वाटतं नुकसान झाल्यावर भीक मागितल्यासारखे पैसे देण्यापेक्षा आधीच ठरवून द्यावेत. वाटेच्या पट्ट्यातला शेतकरी ओढ्याकाठची झाडी ठेवतो, बांध पेटवत नाही, कुंपणात थेट करंट सोडत नाही, विहिरीला कठडा बांधतो, रब्बी ज्वारी करतो, तर त्याला एकरी वर्षाला ठरलेली रक्कम. ज्वारीचं का, तर ज्वारी निघाल्यावर रान उन्हाळाभर मोकळं राहतं, पक्ष्यांना, हरणांना चालतं, आणि कडबा घरच्या जनावरांना. सोयाबीन आणि ऊस आल्यापासून ज्वारी मागं पडली तसा माळाच्या प्राण्यांचा एक मोठा आधारच गेला, आणि ज्वारीला भाव नाही तोवर नुसता उपदेश करून शेतकरी ती पेरणार नाही. कृषी खात्याला या आराखड्यात वनखात्याइतकाच हिस्सा पाहिजे तो याच्यासाठी.

रस्त्यांचं थोडक्यात. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, जालना आणि छत्रपती संभाजीनगरमधून जातो, त्यावर प्राण्यांसाठी काही ठिकाणी खालून-वरून वाटा ठेवल्यात. चांगलं आहे, पण अशी वाट बांधल्यावर तिच्या दोन्ही तोंडाला उद्या प्लॉटिंग पडलं, ढाबा आला, की कोट्यवधीचा पूल बंद झाला समजा. वाट राखायची तर दोन्हीकडच्या किलोमीटरभर जमिनीचं आधी ठरलं पाहिजे. पवनचक्क्या आणि सोलरचंही तेच, बीड-धाराशिवला ते येणारच आणि शेतकऱ्याला भाडंही मिळतं, फक्त आराखडा आधी असला तर कंपनीला सांगता येतं की हा माळ सोडून तो घ्या, जाळी खालून मोकळी ठेवा, तार इथून नेऊ नका.

आता कुणी म्हणेल हे सगळं मुंबईत ठरेल तेव्हा ठरेल. मोठा आराखडा वरच लागेल हे खरंय, पाच-सहा जिल्ह्यांना एकत्र बसवायला दुसरं कोण आहे. पण त्यातली माहिती खालूनच जाते. आम्ही गेल्या दिवाळीनंतर गावचा नकाशा मोठा प्रिंट करून पारावर पसरला, गट नंबर असलेलाच, आणि म्हाताऱ्यांना विचारलं की लांडगा कुठून उतरतो, हरणं पाण्याला कुठं येतात, तरस कुणाला दिसला. पहिला अर्धा तास कुणी बोलेना. मग एक मेंढपाळ आजोबा उठले, त्यांनी काठीनंच ओढ्यावरून रेघ ओढली ती थेट शेजारच्या दोन गावांच्या शिवेपर्यंत, म्हणाले इथून चढतंय, तिथं पाझर तलावावर पाणी पितंय, अन् त्या तिथल्या उघड्या हिरीत मागल्या साली एक पडलं. आम्ही विहिरी मोजल्या, कठडा नसलेल्या अकरा निघाल्या, सगळ्या त्या रेघेच्या आसपास. हे सगळं यंदाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात टाकायला दिलंय, त्यात आधी चार विहिरींचे कठडे धरलेत आणि ओढ्याच्या खोलीकरणात डावा काठ सोडायचं लिहिलंय. शेजारच्या दोन गावांना त्या नकाशाची झेरॉक्स दिलीय, त्यांच्या शिवेतली रेघ त्यांनी पुढं ओढायचीय.